चहा विकणारी बाई खून कसा उलगडेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नव्या लेखिकेच्या कादंबरीची नायिका चहापत्तीचं दुकान चालवते. पुढे चार टेबलं, मागे डब्यांच्या रांगा. रोज येणारं एक म्हातारं गिऱ्हाईक घरात जिन्याखाली मरून पडलेलं सापडतं. सगळे आधी अपघात म्हणतात, हिला पटत नाही, ही शोध घ्यायला लागते. पाच प्रकरणं भराभर झाली आणि सहाव्यात गाडी रुतली. तिघांना वाचायला दिली. एक म्हणाला, पोलीस झोपलेत का? दुसरी म्हणाली, पुरावे आपसूक हातात पडतात. तिसऱ्याने विचारलं, हिचं चहाचंच दुकान कशाला? चपलांचं असतं तर काय बिघडलं असतं? "तिसऱ्याचा फार राग आला," असं लिहून विचारलंय की आता पुढे काय करू.

तिसऱ्याचे पाय धरा. बाकी दोघांच्या तक्रारी त्याच्याच प्रश्नाच्या पोटात आहेत.

मी वीसेक वर्षं रहस्यकथा लिहिते आहे आणि त्याहून जास्त हस्तलिखितं दुसऱ्यांची वाचली आहेत. हौशी गुप्तहेर असलेल्या बहुतेक कथा तुमच्यासारख्याच मधल्या टप्प्यावर बसकण मारतात, आणि लेखकाला वाटतं की नायिकेला तपास करायला सबळ कारण नाही म्हणून असं झालं. मग तो कारण चिकटवतो. मेलेला माणूस वडिलांच्या जागी होता, दुकानावर संशय आला, नोकर पोरगा अडकला. कारणं चांगली असतात, तरी गाडी हलत नाही. कारण अडचण 'ही तपास का करते' यात नसतेच. हा गुन्हा हिच्यावाचून सुटलाच नसता असं का, याचं उत्तर लेखकाकडे नसतं. ते उत्तर सापडलं की पोलिसांना मूर्ख ठरवावं लागत नाही. ते त्यांचं काम नीट करतात, फक्त चहातलं त्यांना कळत नाही. पुरावेही आपसूक पडल्यासारखे वाटत नाहीत. ते सगळ्यांसमोर पडलेलेच होते, ओळखता हिला आले.

पुढचं सांगण्याआधी दोन गोष्टी कबूल करते, कारण त्या तुमच्याच हातात आहेत. निवेदन प्रथमपुरुषी असेल तर माझ्या निम्म्या युक्त्या अवघड होतात. 'मी' बोलत असताना तिला जे खटकलं ते वाचकापासून लपवणं ही फसवणूक होते. तृतीयपुरुषी असेल तर मोकळीक आहे. दुसरं, ही एकटी कादंबरी आहे की मालिकेची सुरुवात? मालिका करायची असेल तर चहाचं सगळं ज्ञान पहिल्याच पुस्तकात उधळू नका. पोलिसांचे अधिकार, शवविच्छेदन कोण करतं, अहवाल कुणाला मिळतो, हे तुमची कथा जिथे घडते तिथल्या कायद्याप्रमाणे बदलेल, तेव्हा त्यात मी शिरत नाही.

आता चहा. अशा कादंबऱ्यांमध्ये पहिला मोह ठरलेला असतो: विष चहात. मोह समजण्यासारखा आहे, पण मुखपृष्ठावर किटली दिसली की वाचक पहिल्या पानापासून प्रत्येक कपाकडे संशयाने बघतो. तुम्ही कितीही सफाईने विष घातलंत तरी तो तुमच्या आधी तिथे पोचलेला असतो. शिवाय विष आलं की ते किती, कुठून आणलं, किती वेळाने भिनलं हे सगळं आलं, आणि उबदार, घरगुती रहस्यकथेला, ज्याला इंग्रजीत कोझी म्हणतात, ते झेपत नाही. तिथे रक्त आणि यातना पडद्याआड राहतात, वाचक माणसांच्या गमतीसाठी आलेला असतो. चहात विष आहे असा संशय सगळ्यांना येऊ द्या, हवं तर दुकानाला दोन दिवस कुलूप लागू द्या, आणि पहिल्याच अहवालात कप स्वच्छ निघू द्या. इतका उपयोग पुरे. तुमच्याकडे तर माणूस जिन्यावरून पडलेला आहे. छान आहे, तसाच ठेवा.

चहा वापरायचा तो तिची नजर म्हणून. याचं सगळ्यात जुनं आणि चोख उदाहरण अगाथा ख्रिस्तीचं. पहिल्या महायुद्धात ती इस्पितळाच्या औषध विभागात काम करत होती, औषधं तयार करण्याची परीक्षाही १९१७ मध्ये उत्तीर्ण झाली. १९२० साली तिची पहिली कादंबरी आली. त्यातला खून नेहमीच्या औषधाच्या बाटलीतून होतो. औषधात एक क्षार पडला की त्यातलं विष हळूहळू तळाशी बसतं आणि सगळं विष शेवटच्या डोसात जातं. (नाव सांगत नाही, वाचायची राहिली असेल तर मी आधीच पुरेसं फोडलं आहे.) औषधांच्या धंद्यातल्या एका नियतकालिकाने या कादंबरीतलं विष अचूक लिहिल्याबद्दल तिची पाठ थोपटली होती. बाटली भरणाऱ्या माणसाला जे रोज दिसतं, त्यावर अख्खं रहस्य उभं आहे. तुमच्या नायिकेला रोज काय दिसतं?

मला विचाराल तर तिला दोन गोष्टी दिसतात: माणसं आणि पत्ती.

माणसांचं आधी, ते लवकर आटपेल. ख्रिस्तीचीच म्हातारी हौशी गुप्तहेर मिस मार्पल, १९२७ साली एका लघुकथेतून आलेली, सगळे गुन्हे गावातल्या माणसांशी ताडून बघते: हा माणूस मला त्या अमक्याची आठवण करून देतो. दुकानदाराकडे हे भांडवल आयतंच असतं. कोण काय पितो, किती वाजता, कुणाबरोबर असताना वेगळं मागतो. पण 'त्याने नेहमीचा चहा घेतला नाही, नक्कीच घाबरलेला होता' इतक्यावर थांबू नका, ते कुणीही लिहितं. एक पायरी खाली उतरा. समजा, जेवणाबरोबर कडक काळा चहा पिणारी एक बाई अचानक म्हणायला लागते की आत्ता नको, तासाभराने घेते. दुकानदारणीला माहीत असतं की चहातले तुरट घटक लोह शरीरात नीट शोषू देत नाहीत, म्हणून रक्त वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला डॉक्टर जेवणाबरोबर चहा टाळायला सांगतात. म्हणजे ही बाई गोळ्या घेते आहे. अशक्तपणा आहे, की दिवस गेलेत, की कसलं आजारपण ती घरच्यांपासून लपवते आहे? हा खुनाचा पुरावा नाही, पण संशयितांपैकी एकीचं गुपित कळलं, तेही पाळत न ठेवता. कादंबरीच्या मध्यावर असं एखादं खाजगी, खुनाशी संबंध नसलेलं गुपित उघडं पडणं फार उपयोगी असतं. वाचकाला तो उलगडा वाटतो आणि निघतो चकवा.

आता पत्ती. चहा पारखणारे लोक पत्ती ठरलेल्या मापाने मुरवतात. यासाठी १९८० सालापासून आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे: १०० मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं. मग चहा गाळून चोथा झाकणावर उलटतात आणि बघतात. ही सवय तुमच्या नायिकेच्या हाताला लावा. दुसरा कुणी चोथा फेकून देईल, ही उलटून बघेल. पूर्ण पानाचा चहा असेल तर भिजलेलं पान उलगडतं, कळी आणि दोन पानं ओळखू येतात. सीटीसीचे, म्हणजे यंत्रात चिरडून वळलेल्या पत्तीचे, दाणे फुगतात पण दाणेच राहतात. मृताच्या गाळणीत दाणे आहेत, आणि त्याने तर गेल्या आठवड्यात हिच्याकडून पूर्ण पानाचा महाग डबा नेला होता. तो डबा कुठे गेला?

असे कितीतरी धागे या एका धंद्यात आहेत. काळा चहा आम्लाने फिका पडतो, खाण्याच्या सोड्याने गडद होतो. लोखंडाशी गाठ पडली की चहा शाईसारखा काळा पडतो, कारण जुनी शाई त्याच रसायनाने बनायची. कडक काळा चहा गार झाला की गढुळतो, त्यातलं कॅफिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटतात म्हणून. पत्ती वास धरते. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास चहाला याच गुणाने देतात, रात्री उमलणाऱ्या कळ्या पत्तीत मिसळून. तोच गुण उलटला तर कापराच्या कपाटात ठेवलेला डबा महिन्याभराने कापराचा चहा देतो. हा डबा स्वयंपाकघरात नव्हताच, कुणीतरी कपड्यांच्या कपाटात लपवला होता, हे सांगायला नाक पुरतं. हिरवा चहा सत्तर ते ऐंशी अंशांच्या पाण्यात करतात, उकळत्या पाण्यात तो कडू होतो. जाणकार यजमानाच्या घरी कडू हिरवा चहा सापडला तर तो त्याने केलेला नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. माझ्या सुरुवातीच्या एका कथेत गुप्तहेर टेबलावरच्या कपाला हात लावतो आणि म्हणतो, "कोमट आहे. दहा मिनिटांपूर्वी इथे कुणीतरी होतं." छापून आल्यावर एका वाचकाचं पत्र आलं: कप कसला होता, चिनी मातीचा की काचेचा? बशी वर होती की खाली? चहा किती भरला होता? मी शरमून गेले आणि त्या संध्याकाळी एकाच किटलीतला चहा तीन भांड्यांत ओतून बसले, एक पसरट तोंडाचा कप, एक उभा आणि एक उभाच पण बशी झाकलेला. पसरट कपातला चहा कोमट होऊन पिण्यातली मजा गेली, तेव्हा झाकलेल्या कपाची बशी उचलली तर तोंडावर वाफ आली. दहा मिनिटांचा माझा हिशेब तिथेच निकालात निघाला. तेव्हापासून नियम केला आहे की कथेचा निकाल ज्या गोष्टीवर लागतो ती आधी स्वतःच्या टेबलावर करून बघायची.

आता तुमच्या सहाव्या प्रकरणाकडे येऊ. पाच प्रकरणांचा जो सारांश तुम्ही दिलाय, त्यात मृताच्या टेबलावर दोन कप आहेत, आणि दुपारी चार वाजता पाहुणा म्हणून आलेल्या पुतण्यावर संशय आहे. त्या दोन कपांचं तुम्ही पुढे काहीच केलेलं नाही. तिथेच काम करा. मी काय केलं असतं ते सांगते. जसंच्या तसं घेऊ नका, यातली हाडं बघा.

कडक पाण्याने, म्हणजे चुन्याचे क्षार जास्त असलेल्या पाण्याने चहा केला तर थोड्या वेळाने त्यावर पातळ तपकिरी तवंग येतो. तिरप्या उजेडात तेलासारखा दिसतो, चमचा फिरवला की तडकून त्याचे तुकडे होतात आणि कपाच्या कडेला चिकटतात. लोकांना वाटतं कप नीट धुतलेला नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी या तवंगाचाच अभ्यास करून १९९३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाण्यातलं कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि वरून हवेतला ऑक्सिजन, तिन्ही मिळाली की चहातले घटक पृष्ठभागावर थर धरतात. पाण्यात क्षारच नसतील तर तवंग नाही.

तुमच्या गावाचं पाणी कडक करा. मृताने चार वाजता पुतण्यासाठी आणि स्वतःसाठी चहा केला, नळाच्या पाण्याचा. पुतण्या आला, भांडला, चहा न पिता निघून गेला. चिडलेल्या म्हाताऱ्याने त्याचा कप मोरीत ओतून विसळून ठेवला आणि स्वतःचा अर्धा पिऊन तसाच टेबलावर सोडला. पाच ते सात गल्लीतलं पाणी दुरुस्तीसाठी बंद होतं. सहा वाजता खुनी आला, जे व्हायचं ते झालं. आता त्याला दाखवायचं आहे की पुतण्या शेवटपर्यंत इथेच होता, दोघांनी बसून चहा घेतला आणि मग झटापट झाली. टेबलावर एकच कप आहे, दुसरा हवा. पत्तीचा डबा समोर आहे. नळ सोडला तर थेंब नाही. तो गाडीतून बाटली आणतो, बॅटरीत घालायचं ऊर्ध्वपातित पाणी. त्यात क्षार नावालाही नसतात.

सकाळी पोलिसांना दोन कप दिसतात, दोन्ही अर्धे, दोन्हींत एकाच डब्यातली पत्ती. बरोबर दिसतंय. तुमच्या नायिकेला एका कपाच्या कडेला तपकिरी कड दिसते, वर फाटलेला तवंग. दुसरा आरशासारखा स्वच्छ. ती काही बोलत नाही, कारण काय खटकलं ते तिलाही अजून नीट कळलेलं नाही. हे तृतीयपुरुषात फार छान जमतं.

इथे तज्ज्ञ वाचक तुम्हाला पकडायला बसलेला असतो, तेव्हा पळवाटा आधीच बुजवा. आम्लाने तवंग येत नाही, तेव्हा त्या घरात लिंबू नको. खूप कडक चहावर तो कमी येतो, तेव्हा दोन्ही कपांचा रंग सारखाच आहे हे कुणाच्या तरी तोंडून येऊ द्या. दुधाने प्रकार बदलतो, तेव्हा दोघेही काळा चहा पिणारे. आणि एक अशी पळवाट जी माझ्याही उशिरा लक्षात आली: किटलीच्या तळाला चुन्याचा पांढरा थर बसलेला असेल, तर शुद्ध पाणीसुद्धा उकळताना त्यातलं थोडं उचलणार नाही का? साध्या पाण्यात तो फार थोडा विरघळतो, पण माझा शब्द प्रमाण मानू नका. जुनी किटली आणि बॅटरीच्या पाण्याची बाटली आणा, चहा करा, बघा. पिऊ नका एवढंच. किंवा खुन्याला पाणी साध्या पातेल्यात तापवायला लावा, म्हणजे हा प्रश्नच मिटतो.

आता हे लपवायचं कसं? १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतःही रहस्यकथा लिहायचा, या खेळाचे दहा नियम मांडले. त्यातले काही आज विनोदी वाटतात, पण दोन मी अजून पाळते. गुप्तहेराला जो धागा सापडेल तो त्याच क्षणी वाचकालाही दिसला पाहिजे, आणि योगायोगाने गुप्तहेराला कधीही मदत करायची नाही. तुमच्या दुसऱ्या वाचकाची तक्रार नेमकी या दुसऱ्या नियमाची आहे.

चहाचं दुकान इथे कामाला येतं. अशा कादंबऱ्या वाचणाऱ्यांना चहाची माहिती आवडते, ती ते मिटक्या मारत वाचतात आणि तिच्याकडे सजावट म्हणून बघतात. म्हणजे पुरावा लपवायला याहून चांगली जागा नाही. पण एकच माहिती दिलीत तर ती बंदुकीसारखी दिसेल. पाच द्या, त्यातली चार निरुपयोगी. दुसऱ्या प्रकरणात नायिका पाणी गाळायच्या यंत्राची कांडी बदलताना कुरकुरते: गावाच्या पाण्याने चहावर तवंग येतो, गिऱ्हाइकं म्हणतात कप धुवा. त्याच परिच्छेदात डब्यांना वास लागतो म्हणून ती अगरबत्ती लावू देत नाही हे येऊ द्या, हिरव्या चहाचं पाणी उकळल्याबद्दल नोकर पोराला झापू द्या, आणि शेवटी पोराचं काहीतरी मजेशीर उत्तर. वाचक हसून पुढे जातो. तिसऱ्या प्रकरणात एक गिऱ्हाईक दुकानासमोर गाडीचं बोनेट उघडून बॅटरीत पाणी घालतंय आणि तिच्याशी तिसऱ्याच विषयावर भांडतंय. वाचकाचं लक्ष भांडणावर. पाणी बंदची सूचना दारावर चिकटलेली, आणि तिची चिडचिड अशी की आज दुपारनंतर दुकान लवकर मिटावं लागणार. पाचव्यात दोन कप, पण वर्णनाच्या मधोमध: चष्मा, उघडं वर्तमानपत्र, दोन कप, एकाला कड धरलेली, एक स्वच्छ, आणि लगेच मांजर, जी रात्रभर उपाशी आहे. मांजर आली की कपाकडे कोण बघतं?

यादीच्या मधली वस्तू वाचक विसरतो. पहिली आणि शेवटची लक्षात राहते. हे मला माझ्याच फजितीतून कळलं: एका कथेत मी किल्ली यादीच्या शेवटी ठेवली आणि सगळ्यांनी दुसऱ्या पानावर खुनी ओळखला.

एक गोष्ट मात्र काढून टाका. तुमच्या पाच प्रकरणांत नायिकेने चार वेळा दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकलं आहे. काउंटरमागे, पडद्यामागे, डबा शोधता शोधता, आणि एकदा तर वाकून पडलेली चिल्लर उचलताना. दुकानात सगळं ऐकू येतं हे खरं, आणि म्हणूनच हा सगळ्यात आळशी मार्ग आहे. एकदाच वापरा, आणि तेव्हा तिने जे ऐकलं त्याचा अर्थ चुकीचा लावू द्या.

पोलिसांबद्दल पहिल्या वाचकाने विचारलं होतं. तपास अधिकारी हुशार असू द्या. त्याच्याकडे फोनचे तपशील, बोटांचे ठसे, प्रयोगशाळेचे अहवाल आहेत. हिच्याकडे ते नाहीत आणि कधीच येणार नाहीत. तिच्याशी लोक बोलतात, त्याच्याशी तोलूनमापून बोलतात. दोघांकडे अर्धं-अर्धं असू द्या. आणि कृपा करून तिला तो कप पदराखाली लपवून आणायला लावू नका. हलवलेल्या पुराव्याचं न्यायालयात वजन घटतं, आणि ज्या वाचकाला हे कळतं तो तिथेच पुस्तक मिटतो. तिने अधिकाऱ्याला त्याच दिवशी सांगावं, त्याने ऐकून घ्यावं, वहीत लिहूनही घ्यावं, आणि म्हणावं, "बाई, कप धुतलेला नव्हता एवढंच ना?" इथे तो मूर्ख ठरत नाही. त्याच्या जागी तुम्ही-मीही हेच म्हटलं असतं. आणि सहावं प्रकरण इथून आपोआप चालायला लागेल, कारण आता तिला स्वतःशीच सिद्ध करायचं आहे की कप धुतलेला नव्हता एवढंच नाही.

तपासाचं कारण मात्र एकदा देऊन संपत नाही. मी ते तीनदा बदलते. सुरुवातीला ती पुतण्याला वाचवायला निघते, मध्ये तिला कळतं की पुतण्या खोटं बोलला आणि आपण उगाच मधे पडलो, तरी ती थांबत नाही, कारण आता तो तवंग तिच्या डोक्यातून जात नाही. शेवटी खुन्याला कळतं की तिला कळलंय. मधला टप्पा बहुतेक हस्तलिखितांत गायब असतो. तिला तपास सोडायचं सबळ कारण मिळालं पाहिजे आणि तरी तिने तो सोडता कामा नये.

शेवट सगळ्यांना दुकानात बोलावून करावा का, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. जुनी पद्धत आहे, लोक नाकं मुरडतात, पण चहाच्या दुकानात ती शोभते, कारण तिथे माणसं बसतातच. फक्त तिला लांबलचक भाषण देऊ नका. तिने दोन पातेल्यांत पाणी उकळावं, एकात नळाचं, दुसऱ्यात बाटलीतलं. एकाच डब्यातली पत्ती, एकाच मापाचे दोन पांढरे कप, टेबलाच्या मधोमध. मग इकडचं तिकडचं बोलत बसावं. तवंग यायला काही मिनिटं लागतात, आणि तो येत असताना खोलीतला एकच माणूस कपाकडे बघणं टाळत असतो.